जमादारांचे पाहुणे

रत्नागिरीत आल्याच्या चौथ्या दिवशी मी पंच झालो. पंच म्हणजे काय, हेही मला त्या वेळी धड ठाऊक नव्हतं. शाळेत चित्रकला शिकवायला म्हणून मी घाटावरून आलो होतो, पोलीस चौकीसमोरच्या माडीवर खोली घेतली होती आणि संध्याकाळचा पानाच्या दुकानापाशी उभा होतो. बघता बघता आजूबाजूची माणसं पांगली. पानवाल्यानं माझं पान अर्ध्यावर टाकून फळी ओढून घेतली. पिसाळलेलं कुत्रं आलं की काय, असं वाटून मी वळलो, तर एक उंच, सावळा, पांढऱ्या मिशांचा जमादार वहाणा हातात धरून अनवाणी माझ्याकडे येत होता. लग्नमांडवात व्याह्याचा धरावा तसा त्यानं माझा हात अदबीनं धरला.

"नवे मास्तर ना तुमी? दोनच मिनटां चला. सही पायजे जरा."

त्या दोन मिनिटांना दिवेलागण झाली. कुणाच्या तरी परसातली तांब्याची घागर गेली होती. पोलिसांनी जागा पाहून जे लिहायचं, त्यावर दोन भल्या माणसांची सही लागते. ती भली माणसं म्हणजे पंच. आणि एकदा सही केली की कोर्टाचं बोलावणं, वकिलाची उलटतपासणी, सगळं मागे लागतं. म्हणूनच जमादार दिसले की गावातली सगळी भली माणसं गल्लीत शिरत. मी नवखा सापडलो. त्यात माझं अक्षर त्यांनी पाहिलं आणि तिथंच माझं नशीब फुटलं. पुढची सहा-सात वर्षं, शाळा सुटली की मी गावचा कायमचा पंच होतो.

वीस-तीस सालातल्या त्या दिवसांत चौकीत माणसं ती किती! एक फौजदार, एक जमादार, मूठभर शिपाई. फौजदार बदलून जात. प्रत्येक नवा फौजदार आला की आधी जमादारांवर चिडे, मग त्यांच्यावर हवाला ठेवून निवांत होई. जमादार मंडणगडाकडचे, डोंगरातल्या शेतकरी घरातले. वाचता येई, पण लिहिण्याचा त्यांना भयंकर कंटाळा. हातातल्या काठीवर त्यांनी चाकूनं खुणा केल्या होत्या, वीत, हात, दीड हात अशा. त्या घागरीनं चिखलात उमटवलेलं वर्तुळसुद्धा त्यांनी वाकून मोजलं होतं. ती काठी कुणाच्या पाठीवर पडलेली मी कधी पाहिली नाही. एकदा विचारलंसुद्धा.

"मास्तर, सरकारनं काठी मापायला दिलीय," ते म्हणाले. "मारन्यासाठी दिली असती तर येवडी सरळ कशाला दिली असती?"

तक्रार घेण्याची त्यांची रीत तर सरकारच्या कुठल्याच पुस्तकात नव्हती. आलेल्या माणसाला ते तीनदा बोलायला लावत. "एकदा रागानं सांग. मग पानी पी नि सांग. मग त्याच्या तोंडावर सांग. तिसऱ्यांदा जां उरेल तां मास्तर लिवतील." आणि खरोखरच तिसऱ्यांदा जे उरे ते पाहून मी थक्क होऊन जाई.

दोन चुलतभाऊ एकदा कोयते घेऊन आले. गडग्यावरचा, म्हणजे त्यांच्या दगडी कुंपणावरचा माड एकाच्या परसात झुकला होता आणि नारळ दुसऱ्याच्या मालकीचे होते. पहिल्या खेपेला धाकट्यानं थोरल्याला फाशी मागितली. पाणी प्यायल्यावर मामला नारळांवर आला. मग जमादारांनी दोघांना समोरासमोर बसवलं. धाकटा एकदम म्हणाला, "पोरीच्या लग्नाचां बोलावनां नाय धाडलान ह्यानं." थोरल्यानं मान खाली घातली. जमादार माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, ह्या कुठल्या कलमात बसतां?" मी दौतीला बूच लावलं. कोयते चौकीत राहिले आणि भाऊ बरोबर घरी गेले. चार दिवसांनी कोयते न्यायलाही दोघं बरोबरच आले.

एकदा मोठे साहेब तपासणीला आले. गुन्ह्यांचं बुक चाळून त्यांनी विचारलं, या गावात गुन्हे होत नाहीत, की पोलीसच नाहीत? फौजदारांना घाम फुटला. जमादार सलाम करून म्हणाले, "होतात, साहेब. पन लिवायच्या आधी दमतात." साहेबांना ते कुणी इंग्रजीत नीट सांगितलं असावं, कारण ते हसले.

मुंबईची आगबोट आली की जमादार बंदरावर असत. बोट लांब उभी राही, माणसं पडावातून किनाऱ्याला येत, आणि शेवटचा टप्पा गुडघाभर पाण्यातून. शिमग्याला, गणपतीला तर नुसती झुंबड. त्या झुंबडीत हे वर्दीतले जमादार पाण्यात उभे राहून म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेत आणि कोरड्यात आणून ठेवत. वर चौकशी चालूच असे. "कोनाची गो तू? पोरगा गिरनीतच हाय ना? मग पत्र का नाय त्याचां?" पोलीस खात्याची शान जाते म्हणून एका फौजदारानं त्यांना दटावलंही होतं. जमादारांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या बोटीला पुन्हा पाण्यात उतरले.

हे सगळं सांगितलं ते हसत हसत सांगता येण्यासारखं आहे. पण ज्यासाठी मी त्या माणसापुढे मनातल्या मनात आजही उभा राहतो, ते निराळं आहे.

समुद्रकाठच्या गावात वर्षाकाठी दोन-चार तरी प्रेतं वाहून येतात. कुणी गलबतावरून पडलेला, कुणी तुफानात सापडलेला. ओळख पटत नाही. कागदावर त्याला ‘बेवारशी’ म्हणायचं आणि पुढे ‘विल्हेवाट लावली’ असं लिहायचं, ही सरकारी पद्धत. जमादार हे दोन्ही शब्द मला लिहू देत नसत. "वारस आपल्याला गावला नाय, म्हंजे त्याला नाय असां कुठां झालां?" ते म्हणत. ते अशा प्रेताला पाहुणा म्हणत. शाळेच्या दारात येऊन शिपाई निरोप देई, "मास्तर, जमादारांचा पावना आलाय," आणि मी खडू खाली ठेवून निघे.

पाहुण्याचं सगळं जमादार स्वतः करत. हिंदू असेल तर अग्नी, मुसलमान असेल तर मोहल्ल्यात कळवून माती. पहिल्या वेळी सही करून मी काढता पाय घेत होतो, तर ते म्हणाले, "खांदेकरी चार लागतात, मास्तर. आमी तिगंच हाव." तेव्हापासून चौथा खांदा माझा. अशा दिवशी घरमालकीणबाई विहिरीवर अंघोळ केल्याशिवाय मला जिन्याला हात लावू देत नसत, आणि पंच होण्यापेक्षा तुम्ही लग्न का करत नाही, असं दरवेळी विचारत.

जमादार एवढ्यावर थांबत नसत. पाहुण्याच्या अंगावरचं काही ना काही, सदऱ्याची चिंधी, गुंडी, दोरा, ते एका कापडी पिशवीत ठेवत आणि बंदरात लागणाऱ्या प्रत्येक गलबतावर चढून खलाशांना दाखवत. महिनोन् महिने. "ह्यां कोनाचां बघा रे." खलाशी कंटाळत, हसत. अशा तऱ्हेनं त्यांनी किती घरांना बातमी पोचवली असेल, त्याची नोंद कुठंच नाही.

एका वर्षी कार्तिकात अवेळी तुफान झालं. पाचव्या-सहाव्या दिवशी खाडीच्या तोंडाशी वाळूत एक पाहुणा आला. त्याची अवस्था मी लिहीत नाही. माणसाचा धर्म ओळखावा असं त्याच्या देहावर काही उरलं नव्हतं. दंडात पिराचा ताईत होता, पण तो तर त्या किनाऱ्यावरच्या हिंदू खलाशांच्याही दंडात असतो. कमरेला मात्र काळा करदोडा होता, जाड, एका बाजूला चमत्कारिक गाठ मारलेला. जमादारांनी तो बराच वेळ निरखला आणि म्हणाले, "करदोडा हाय. आपल्यातलाच. लिवा, हिंदू इसम." मी लिहिलं. माझं अक्षर त्या दिवशी विशेष सुरेख आलं होतं. दुपारी आम्ही त्याला खांदा दिला, जमादारांनी अग्नी दिला, आणि दुसऱ्या दिवशी राख दर्यात सोडली.

फाल्गुनात एक मचवा बंदराला लागला. नेहमीप्रमाणे जमादार पिशवी घेऊन चढले. मी किनाऱ्यावरून चित्र काढत होतो. थोड्या वेळानं ते फळीवरून उतरले, ते इतके सावकाश की मला वाटलं, त्यांना भोवळ आली असावी. त्यांच्यामागे एक खलाशी होता. हा कौलं घेऊन येणाऱ्या गलबतावर होता, तुफानात ते बुडालं तेव्हा दुसऱ्या बोटीनं याला उचलून मुंबईला नेलं आणि तेव्हापासून तो आज प्रथम इकडे येत होता. करदोडा पाहून तो रडायलाच लागला होता. ती गाठ त्यानंच मारली होती. सुरी अडकवायला दोरी हवी म्हणून त्यानं आपल्या सोबत्याच्या कमरेला तो बांधून दिला होता. सोबती मुसलमान. दोन खाड्यांपलीकडच्या एका मोहल्ल्यातला, विधवा आईचा एकुलता मुलगा. आणि आई अजून वाट बघत होती; येताना वाटेत तो तिला भेटून आला होता. आपल्या मुलालाही कुठल्या तरी बोटीनं उचललं असेल आणि तो कराचीकडे कुठंतरी असेल, असं तिनं धरलं होतं. रोज त्याच्या नावची एक भाकरी ती भाजून ठेवत होती.

मुसलमानाला अग्नी दिला होता, आणि आता ते कशानंही पुसलं जाणार नव्हतं. मला पहिली आठवण आली ती माझ्या सहीची. हे लपवण्यात काही अर्थ नाही. मला त्या आईची आठवण नंतर आली.

फौजदारांनी दार लावून जमादारांना सांगितलं, कागद बंद झालाय, तोंडही बंद ठेवा. त्या साली गावात मशिदीपुढच्या वाजंत्रीवरून कुरबूर होऊन गेली होती. ठिणगी पडली तर विझवायची कुणी? जमादारांच्या पेन्शनीला दीड वर्ष उरलं होतं. मीही संध्याकाळी त्यांना तेच सांगितलं, जरा जास्त शहाणपणानं. म्हटलं, ‘सांगून तिला काय मिळणार? उलट आहे ती आशा जाईल.’

जमादार वहाणेचा अंगठा शिवत बसले होते. म्हणाले, "पोरगा माज्यानं परत देववनार नाय, मास्तर. पन रोजची ती भाकरी तरी थांबवता येल. आशा म्हनू नका तिला. उपास हाय तो, नि तो मी घडवतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. मी का गेलो, सांगता येणार नाही. एकटे जातील हे बघवलं नसावं. ते पगडी, पट्टा, बिल्ला, सगळी वर्दी चढवून आले होते. निदान साधे कपडे तरी घाला, लोक चिडले तर घोळक्यातून निसटता तरी येईल, असं मी म्हणालो. "चूक वर्दीत केली," ते म्हणाले. "सांगायला घरच्या कपड्यात गेलो तर चोरून सांगितल्यासारखां होल."

होडीनं दोन खाड्या ओलांडून आम्ही पोचलो तेव्हा मशिदीसमोर काही माणसं जाळी विणत बसली होती. जमादारांनी तिथल्या वृद्ध मौलवींना सलाम केला, आणि त्या आईला सगळ्यांसमोर काही सांगायचं आहे, अशी परवानगी मागितली. ती आली. वाळलेली, ताठ म्हातारी. हाताला पीठ लागलेलं. जमादार तिच्यासमोर उभे राहिले आणि एका दमात बोलले.

"आये, तुजा पोरगा कार्तिकातच आमच्याकडं आला. मेलेला आला. कमरेला करदोडा व्हता, मी हिंदू समजलो. मी त्याला आग दिली. चूक माजी हाय. ह्या मास्तरांनी मी सांगितलां तां लिवलां, दुसऱ्या कोनाचा दोष नाय."

जाळी विणणारे हात थांबले. मग एक तरुण वल्हं घेऊन उठला. मौलवींनी हात आडवा केला. जमादार जागचे हलले नाहीत. मीही पुढे होऊन काही बोललो नाही. त्यांनी मला पाठीशी घातलं होतं आणि मी तिथंच राहिलो, याची लाज मला आजही वाटते.

म्हातारी खाली बसली. तिनं पदर तोंडाशी धरला आणि बराच वेळ तिचे नुसते खांदे हलत राहिले. मग तिनं विचारलं, "तोंड कसा व्हता त्याचा?"

"तोंड ऱ्हवलां नव्हतां, आये."

खोटं बोलायची एवढी चांगली संधी त्यांनी सोडली. मग ती म्हणाली, "आंग कोनी धुतलान?"

"मी धुतलां."

"कसल्या पान्यान?"

"गोड्या. विहिरीच्या. तीन घागरी वतल्या. आंगावर मीठ ऱ्हवू दिलां नाय."

"कापड?"

"कोरां. पांढरां."

"खांदा?"

"मी, हे मास्तर, नि दोन शिपाई."

ती हाताच्या बोटांवर काहीतरी मोजत होती. धुणं, कापड, खांदा. मग तिनं मौलवींकडे पाहिलं आणि स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "म्हंजे मातीच तेवडी ऱ्हवलीय."

शेवटी मौलवी म्हणाले, "नमाज आमी पढू." वल्हं घेतलेला तरुण तिथंच वल्ह्यावर डोकं टेकून रडायला लागला. म्हातारी घरात गेली. येताना तिच्या हातात एक पुरचुंडी होती. नवऱ्याच्या कबरीपाशी जाऊन तिनं ती मातीनं भरून घेतली आणि आमच्यापुढे चालायला लागली.

जमादारांना याची शिक्षा झाली ती झालीच. फौजदारांनी वर लिहिलं, हुद्दा खाली उतरला, आणि पेन्शनीत निघाले तेव्हा ते कागदोपत्री जमादार नव्हते. गावानं त्यांना जमादार म्हणणं काही सोडलं नाही. मोहल्ल्यातनं मात्र एक दगड आला नाही, की एक अर्ज आला नाही. या सगळ्याचं मला नवल वाटलं, पण त्या दिवशी वाळूत जे पाहिलं त्याच्या पुढे ते काहीच नाही.

ऊन कलायच्या आत आम्ही खाडीच्या तोंडाशी आलो. मोहल्ल्यातली दहा-पंधरा माणसं होती. मौलवींनी आणि त्या माणसांनी ओळीनं उभं राहून नमाज पढला. जमादार पगडी काढून बाजूला उभे होते. चिता कुठं होती ती जागा त्यांनी काठीनं दाखवली. भरतीनं ती केव्हाच धुऊन नेली होती, पण त्यांना ती वितीपर्यंत ठाऊक होती. म्हातारीनं पुरचुंडी सोडली आणि तीन मुठी माती त्या वाळूवर टाकली. मग एकेक जण पुढे येऊन टाकू लागला. तो तरुणही आला. सगळ्यांचं झालं तेव्हा फडक्यात थोडी माती उरली होती.

ती उठून जमादारांपाशी गेली. "तू पन टाक. तू धुतलास त्याला."

जमादारांनी दोन्ही हातांची ओंजळ केली. या माणसाला मी कितीतरी चितांपुढे कोरड्या डोळ्यांनी उभं राहिलेलं पाहिलं होतं. आता त्यांच्या मिशांवरून पाणी गळत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. माती टाकून ते बराच वेळ वाळूला हात लावून नमस्कार करत राहिले.

त्या वेळी मला राहवलं नाही. मी म्हणालो, "आई, हिंदू म्हणून लिहिणारा हात माझा होता. मी विचारू शकलो असतो. विचारलं नाही."

तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. मला वाटलं, ती आता मला जा म्हणेल. तिनं माझा उजवा हात धरून उलटा केला, बोटांवरचे शाईचे डाग अंगठ्यानं जरा चोळून पाहिले, आणि फडक्यात राहिलेली सगळी माती माझ्या तळव्यावर झाडली. मी मूठ मिटून तसाच उभा राहिलो. पुढे पाऊल टाकायला मला धीर होईना.

"टाका, मास्तर," जमादार हळूच म्हणाले. "पोराची आई ताटकळलीय."